वीस वर्षांनी उघडलेलं कपाट

पत्र (संक्षिप्त):

मी ४७ वर्षांची आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. शाळेत असताना रेडिओचा किट जोडला, कॉलेजात हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, परवाना काढला, ठिपके-रेघांची मोर्स लिपी शिकले. पुढे सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचे, लिनक्स टाकायचं, साउंड कार्ड चालेना म्हणून रात्र रात्र जागायचं, हेही केलं. मग नोकरी, लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. त्यांची देखभाल अजून चालूच आहे. वीस वर्षं यातल्या कशाला हात लावला नाही. मोठी मुलगी शिकायला बाहेर गेली, तिची खोली आवरताना जुनं कपाट उघडलं. तीन हार्ड डिस्क, दोन मदरबोर्ड, सीडींचे गठ्ठे, रिसीव्हर, मोर्स पाठवायची की. आनंद व्हायला हवा होता, पण परक्याचं सामान बघतेय असं वाटलं. एक छोटा किट आणून सोल्डरिंग करून पाहिलं. सगळे जोड मळकट आले आणि बारीक भाग तर नीट दिसेचनात. जुन्या मित्रमंडळींच्या ग्रुपमध्ये थ्रीडी प्रिंटर आणि घरच्या सर्व्हरच्या गप्पा चालतात, मला बोलायला काही नसतं. नवरा म्हणाला, "आता या वयात पुन्हा ते वेड कशाला?" वाईट हेतूने म्हणाला नाही, तरी लागलं. एकेकाळी रात्री दोन वाजता खरखरीतून समुद्रापलीकडचा एक बारीक मोर्स सिग्नल वर यायचा आणि मी श्वास रोखून बसायचे. ती मी कुठे गेले? सगळं देऊन टाकू, की पुन्हा सुरू करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

मदरबोर्ड, लिनक्स, साउंड कार्ड हे सगळं तुम्ही एका दमात सांगून संपवलंत. रेडिओपाशी आलात आणि भाषाच बदलली. 'श्वास रोखून बसायचे' हे शब्द पत्रभर दुसऱ्या कशाबद्दल आलेले नाहीत. सगळं देऊन टाकू की सगळं सुरू करू, असं तुम्ही विचारलंय. मला यातलं एकही पटत नाही. तुमच्या छंदाचे बरेच भाग संपलेत, त्यांना खुशाल जाऊ द्या. एक भाग मात्र शाबूत आहे, आणि तो कुठला ते तुम्हीच लिहून पाठवलंय.

आधी कॉम्प्युटरचं बोलू, कारण कपाटातली निम्मी जागा त्यानेच अडवलीय. १९९० च्या दशकात सुटे भाग जोडणं हे रात्रभर पुरणारं काम होतं. एका केबलवर दोन हार्ड डिस्क लावायच्या तर जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, बदलून एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह करायचं. साउंड कार्ड आणि आणखी एखादं कार्ड एकाच आयआरक्यूवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच मार्गावर, हक्क सांगायचे आणि दोन्ही गप्प बसायचे. लिनक्समध्ये नुसतं चित्र दिसायला मॉनिटरचे आकडे फाइलीत हाताने भरावे लागत. त्या अडचणींमुळेच तर तुमची जागरणं व्हायची. मग प्लग अँड प्ले आलं, २००३ पासून साटा या नव्या जोडणीच्या डिस्क आल्या आणि जंपरची भानगडच संपली. आजचं लिनक्स बहुतेक हार्डवेअर आपलं आपण ओळखतं. म्हणजे तुमचं मन आटलं असं समजू नका. ज्या अडचणींवर तो छंद उभा होता त्याच आता उरल्या नाहीत. शिवाय दिवसभर ऑफिसात तुम्ही प्रोग्रॅममधल्या चुका शोधता. कोडी सोडवायची ती भूक तिथे रोज भागतेय. घरी येऊन पुन्हा तेच करावंसं वाटत नसेल, तर त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ग्रुपवर मंडळी घरच्या सर्व्हरबद्दल बोलतात तेव्हा नुसतं वाचलंत तरी चालेल. बरोबरी साधायला म्हणून थ्रीडी प्रिंटर घेऊ नका, तोही दोन वर्षांत कपाटात जाईल.

आता रेडिओ. जो टेलर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळकरी वयात ते हॅम रेडिओत रमले, तिथून रेडिओ खगोलशास्त्राकडे वळले. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, शोधला आणि १९९३ मध्ये त्यासाठी दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे ते पुन्हा हॅम रेडिओत रमले, पण वेगळ्या वाटेने. अगदी क्षीण सिग्नल कॉम्प्युटरच्या मदतीने उकलणारं डब्ल्यूएसजेटी हे सॉफ्टवेअर त्यांनी २००१ मध्ये आणलं, तेव्हा ते साठीचे होते. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर एफटी८ ही पद्धत काढली, ती आज जगभरचे हॅम वापरतात. खगोलशास्त्रात सगळी हयात त्यांनी अवकाशातून येणारे क्षीण सिग्नल टिपण्यात घालवली होती, तेच कसब बरोबर घेऊन ते छंदाकडे आले. शाळेतल्या मुलासारखं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची त्यांना गरज पडली नाही. तुम्हालाही पडणार नाही.

परत येताय हे कळल्यावर ग्रुपमधलं कोणीतरी तुम्हाला लगेच एफटी८ सुचवेल. पद्धत कमालीची आहे, १५ सेकंदांच्या तुकड्यांत संदेश जातात आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नल पडद्यावर अक्षरांत उमटतो. पण तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही, निदान आत्ता नाही. तिथे ऐकण्याचं काम कॉम्प्युटर करतो, आणि तुम्हाला ओढ आहे ती तर ऐकण्याचीच. दिवसभर पडदा बघून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा पडद्यापुढे बसावं हे मला पटत नाही. हेडफोन लावा आणि मोर्स ऐका.

रात्री दोनची अट मात्र सोडून द्या. सासूबाईंची देखभाल आणि सकाळचं ऑफिस सांभाळून आता जागरण झेपायचं नाही, झेपवूही नका. तो सिग्नल तुम्हाला रात्रीच का ऐकू यायचा ते आठवा. दिवसा वातावरणातला डी थर खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावरचे लांबचे सिग्नल वरच्या थरावरून परतून पोचायला लागतात. पण तो थर पहाटेही तयार झालेला नसतो. सूर्योदयाच्या आधीचा अर्धा-पाऊण तास लांबच्या सिग्नलसाठी फार चांगला समजला जातो. वीस वर्षांपूर्वी तुम्हाला रात्र मोकळी होती, आता पहाट मोकळी मिळू शकेल. घरातलं कोणी उठायच्या आत ७००० ते ७०४० किलोहर्ट्झच्या मधे डायल फिरवत बसा.

आणखी एक गोष्ट तुमचं ओझं थोडं हलकं करेल. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. डाग वाढले की १० मीटरचा पट्टा उघडतो आणि अगदी कमी शक्तीवर जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलता येतं. डाग ओसरले की तोच पट्टा महिनोन्महिने मुका राहतो. त्या काळात कित्येक हॅम सेट झाकून ठेवतात, दुसऱ्या कामांना लागतात आणि पट्टे उघडले की परततात. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या सुमाराला ऐन भरात आलं. तुमची वीस वर्षं म्हणजे जेमतेम दोन चक्रं. या छंदात एवढी रजा घेऊन परत आलेली माणसं नवीन नाहीत, आणि तुम्ही कुठे होतात असं तिथे कोणी विचारणार नाही. चक्र उताराला लागलं की ४० मीटरसारखे खालचे पट्टेच हाताशी राहतील. तुम्हाला तेच हवे आहेत.

सुरुवात मात्र कपाटातल्या रिसीव्हरपासून करू नका. वीस वर्षं पडून असलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बिघडलेले असू शकतात, तो एकदम प्लगला लावणं बरं नाही. जाणत्याकडून तपासून घ्या. तोवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर रिसीव्हर इंटरनेटवरून फुकट ऐकता येतो. ० ते २९ मेगाहर्ट्झ, वाटेल तिथे ट्यून करा. अँटेना नको, सेट नको, फक्त हेडफोन. तिथे बसून पाहा, श्वास रोखला जातो का. जात असेल तर पुढचा विचार करू, नसेल जात तर कपाट रिकामं करायला तुम्ही मोकळ्या.

मोर्स विसरलाय असं पहिल्या दिवशी वाटेल. ठिपके आणि रेघा मोजायला जाऊ नका, त्याने वेग कधीच येत नाही. फार्न्सवर्थ पद्धतीने सराव करा: प्रत्येक अक्षर पूर्ण वेगाने वाजतं, पण दोन अक्षरांमधली जागा लांबवलेली असते. त्यामुळे अक्षराचा नाद अखंड कानात बसतो आणि मेंदूला ओळखायला सवड मिळते. पूर्वी आलेली गोष्ट कान नव्यापेक्षा लवकर पकडतो. पुढे पाठवण्याची इच्छा झाली तर परवान्याची मुदत तपासा. नूतनीकरणाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आणि २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर बऱ्याच देशांनी मोर्सच्या परीक्षेची सक्तीही काढून टाकलीय. म्हणजे मोर्स आता आवडीने करायची गोष्ट झालीय, आणि गंमत अशी की ती आवडीने करणारे अजून भरपूर आहेत.

सोल्डरिंगबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याने मला खरं तर वाईट वाटलं, कारण हात गेला असं तुम्ही मनाशी ठरवूनच टाकलंय. तुमची सोल्डर जुनी आहे की नवी ते आधी बघा. तुम्ही शिकलात ती कथील आणि शिशाची. त्यातलं ६३:३७ हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं आणि जोड आरशासारखा चकचकीत दिसतो. जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधनं आली, तेव्हापासून बिनशिशाच्या सोल्डरचा वापर सगळीकडे वाढला. कथील, चांदी आणि तांब्याचं ते मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि थंड झाल्यावर त्याचा जोड मुळातच मळकट, थोडा दाणेदार दिसतो. आपल्याला शिकवलेलं असतं की मळकट जोड म्हणजे कच्चा जोड. नव्या सोल्डरला हा नियम लागू नाही. भिंगाखाली कडेकडे बघा: सोल्डर पॅडवर आणि तारेवर पसरत जाऊन कडेला पातळ झाली असेल तर जोड पक्का आहे, रंग कसाही असो. गोळी होऊन नुसती वर बसली असेल तर उष्णता कमी पडली. टोक थोडं जास्त तापवा आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरवणारा लेप, लावा.

आणि भाग दिसेनात त्याचं कारण तर अगदी साधं आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर होतं, सगळ्यांचंच. त्यात आजच्या किटमधला ०६०३ मापाचा रेझिस्टर जेमतेम १.६ मिलिमीटर लांब असतो. विशीतल्या डोळ्यांनाही तो सहज दिसत नाही. डोक्याला लावायचं भिंग घ्या, टेबलावर भरपूर उजेड ठेवा, आणि पहिले काही किट ज्यांचे पाय भोकातून पलीकडे जातात अशा मोठ्या भागांचे निवडा.

तुमच्या वेळेबद्दल मला जास्त काळजी वाटते. पूर्वी तुमच्याकडे लांबलचक, सलग रात्री होत्या आणि छंदही तसाच होता. सुरू केलं की पाच तासांनी उठायचं. आता वेळ मिळेल तो तुकड्यातुकड्याने, आणि मधेच आतून हाक येईल. दिवसभरात मिळून तेवढाच वेळ मिळाला तरी तुकड्यांत जुन्या पद्धतीचं काम होत नाही. सामान काढण्यात अर्धा तास, आवरण्यात अर्धा तास, हाती काही लागत नाही, आणि मग आपल्यातच काहीतरी कमी झालंय असं वाटायला लागतं. म्हणून मधेच सोडता येईल असंच काम निवडा. ऐकणं तसं आहे, हेडफोन काढला की संपलं. किट जोडायचा असेल तर उठताना पुढची पायरी वहीत लिहून ठेवा, नुसतं 'आर सात तपासला, आता सी तीन' एवढे भागांचे क्रमांक पुरतात. नाहीतर चार दिवसांनी परत बसल्यावर आपण कुठे होतो हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. आणि सामान मांडलेलंच राहील अशी एक जागा हवी, याला पर्याय नाही. मुलीच्या खोलीत एक टेबल घ्या, पण तिला विचारून. ती सुट्टीत घरी येईल तेव्हा खोली तिचीच असायला हवी.

कपाटाचं काम एवढं नाजूक नाही, फक्त हार्ड डिस्कना उशीर करू नका. कुठलातरी फोटो, कुठलंतरी पत्र त्यांवर असणारच, आणि जुनी डिस्क दर वर्षी थोडी जास्त बेभरवशाची होते. त्या ४० पिनांच्या असतील तर वेगळ्या वीजपुरवठ्याचं यूएसबी अडॅप्टर लावा आणि फाइली एकेक करून उघडत बसू नका; आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची नक्कल काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांवर नंतर प्रयत्न करतं. सीडींचंही लगेच बघा, घरी बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो. मदरबोर्डवर गोल नळीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर तिचं पाणी गळून तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतील. असा बोर्ड आणि बॅटऱ्या ई-कचऱ्यात द्या. जुना पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास राहू शकतात. बाकीचं जे कोणाला हवं असेल त्याला देऊन टाका. मोर्सची की ठेवा. तिचे संपर्कबिंदू घासू नका. साध्या कागदाची पट्टी मधे धरून, की हलकेच दाबून पट्टी ओढून काढा, दोन-तीनदा केलं की काळपटपणा कागदावर येतो.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. 'या वयात' हे शब्द लागण्यासारखेच आहेत. पण वीस वर्षांत त्याने तुमचा छंद पाहिलाय तो फक्त बंद कपाटाच्या रूपात. हेडफोन लावून बसलेली तुम्ही त्याने बघितली तरी असेल का? त्याला पटवायला जाऊ नका, छंद वादात पटत नाहीत. जे हवंय ते नेमकं सांगा: आठवड्यातल्या कुठल्या दोन पहाटा, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्या वेळात आईंनी हाक मारली तर उठायचं कोणी. हे तिसरं आधीच ठरलं पाहिजे, कारण वीस वर्षं तुमचा छंद अडलाय तो बहुतेक याच जागी. आणि त्यालाही विचारा, त्याने काय बाजूला ठेवलंय. घरात एकट्या तुमच्याच कपाटाला कुलूप असेल असं मला वाटत नाही. त्याचं काही निघालं तर त्याच्याही दोन पहाटा ठरवा.

एक काम तर तुम्हाला दोघांनी मिळूनच करावं लागेल. तपासून आणलेला रिसीव्हर घरात लावलात की बहुधा एक सलग घरघर ऐकू येईल आणि सेट बिघडला असं वाटेल. सेट ठीक असेल, बदललंय ते घर. तुम्ही सेट बंद केलात तेव्हा घरात एलईडी दिवे नव्हते, इतके चार्जर नव्हते, राउटर नव्हता. यांतल्या बऱ्याच वस्तूंचे स्विचिंग पॉवर सप्लाय नेमक्या तुमच्या पट्ट्यांवर गोंगाट करतात. रिसीव्हर बॅटरीवर चालवा. तुम्ही हेडफोन लावून बसा, त्याला मेन बोर्डपाशी उभं करा आणि खोलीखोलीची लाइन एकेक करून बंद करायला सांगा. फक्त आईंचं एखादं उपकरण विजेवर असेल तर ती लाइन वगळा. आवाज पडला की ओरडून सांगा, मग त्या खोलीतल्या वस्तू एकेक काढून बघा. गोंगाट करणारा चार्जर किंवा दिवा सापडला की तो बदला, आणि अँटेनाचा विचार त्यानंतरच करा.